प्लंबरच्या पोटावरची पिशवी

तुमचे मिस्टर काय करतात असं कोणी विचारलं की मी सांगायचे, "दुसऱ्यांच्या घरातली गळती बंद करतात आणि स्वतःच्या घरातला नळ टपकत ठेवतात." यात काडीचंही खोटं नाही. आमच्या स्वयंपाकघरातला नळ चार वर्षं टपकत होता. धंद्यातले लोक यांना 'वॉशर' म्हणतात, कारण यांचा कुठलाही खिसा चाचपला तरी दोन-चार वॉशर हाताला लागतातच. कपडे भिजवण्याआधी ते काढून काढून मी एक बरणी भरून ठेवलीय. तर गेल्या वर्षी आमच्या या वॉशरच्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ निघाली. कॅन्सरची.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ फार खाली आहे, शेवटचा भाग काढून टाकावा लागेल. मग वरच्या आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला आणून शिवायचं, त्याला स्टोमा म्हणतात. शी तिथून बाहेर येईल, आणि ती धरायला पोटावर पिशवी चिकटवायची. कायमची. हे चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे लाइन फिरवायची."

"हो," सर्जन म्हणाले.

"आणि नाही फिरवली तर?"

सर्जननी पेन खाली ठेवलं आणि यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. ऑपरेशन चांगलं केलं म्हणून तर आहेतच, पण त्या दिवशी उगाच गोड बोलून वेळ मारून नेली नाही म्हणूनही आहेत.

खरं सांगते, मला त्या पिशवीचा राग कधीच आला नाही. मला माझा माणूस हवा होता. पिशवीसकट, हत्यारांच्या पेटीसकट, कसाही. पण यांचं तसं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "दादाला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

दादा म्हणजे माझे मोठे दीर. दोघं भाऊ सव्वीस वर्षं एकत्र प्लंबिंग करतात. सरकारी परवाना भाऊजींच्या नावावर, हातातली सफाई यांची. भाऊजी अंगाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, आणि पोटात गोष्ट म्हणून राहत नाही. बोलायला लागले की नळाची चावी सापडत नाही. दादाला कळलं म्हणजे प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात कळलं, आणि मग कोण यांना आपल्या स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार, अशी यांची समजूत. मी म्हटलं, "अहो, सख्खा भाऊ आहे." यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. झालं, माझ्या तोंडाला कुलूप.

भाऊजींना आम्ही एवढंच सांगितलं की पोटातली गाठ काढली, आता बरं आहे. दोन महिन्यांनी त्यांचा फोन यायला लागला, कधी येतोस कामावर? मग आमच्या सबबी सुरू झाल्या. आज कंबर धरलीय, उद्या अशक्तपणा आहे. एकदा भाऊजी सांगून आले, तर हे तासभर बाथरूममध्ये जाऊन बसले. मी बाहेर चहावर चहा करतेय आणि भाऊजी दाराकडे बघतायत. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती पिशवीची नव्हती.

तिसऱ्या महिन्यात पिशवी गळायला लागली. आधी चार-पाच दिवस टिकायची ती एका दिवसात सुटायला लागली. हे मला जवळ येऊ देत नव्हते. आतून कडी लावायचे आणि सगळं एकट्याने करायचे. एका सकाळी चादर बदलताना मला गादीखाली ट्यूब सापडली. सिंकच्या कडा बंद करायला हे वापरतात ते सिलिकॉन. मी ती ट्यूब हातात धरून विचारलं, "हे काय आहे?"

"जॉइंट लीक होत होता," हे म्हणाले.

या माणसाने स्वतःच्या पोटाला सिलिकॉन लावलं होतं. एकदा नाही, चार दिवस. मी शर्ट वर करायला लावला. स्टोम्याभोवतीची कातडी सोलवटून लालभडक झाली होती आणि तिच्यावर ते पांढरं रबर चिकटलेलं. मी तोंडाला येईल ते बोलले. मग रिक्षा बोलावली आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

तिथे स्टोमा बघणाऱ्या एक सिस्टर आहेत. उंचीने चार फूट दहा इंच, पण सगळा वॉर्ड त्यांना वचकून. त्यांनी अर्धा तास हळूहळू ते सिलिकॉन काढलं. यांचे डोळे मिटलेले, माझा हात घट्ट धरलेला. काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीला भोक किती पाडता?"

"पहिल्या दिवशी तुम्ही पाडून दिलं होतं तेवढंच. वर थोडं ढिलं ठेवतो, पाइपाला हलायला प्ले ठेवावा लागतो तसं."

"मधे माप घेतलंत कधी?"

"माप कशाला? पाइपाचा व्यास थोडाच बदलतो?"

सिस्टरनी कपाळावर हात मारला. मग समजावलं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, दीड-दोन महिन्यांत आकसतो. भोक जुन्या मापाचं राहिलं की मधली कातडी उघडी पडते, शी तिला लागते, कातडी सोलवटते, ओली होते, आणि ओल्या कातडीवर चकती चिकटत नाही. म्हणून गळती. त्यांनी भोकं पाडलेलं एक मापाचं कार्ड यांच्या हातात दिलं आणि आरसा धरला. "बघा आणि तुम्हीच सांगा कितीचा आहे."

हे बघेनात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सव्वीस वर्षं एका मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस, आणि याने स्वतःचं माप घेतलं नाही, कारण माप घ्यायचं तर बघावं लागतं. तीन महिन्यांत यांनी एकदाही धड खाली बघितलं नव्हतं. अंदाजाने चिकटवत होते.

"मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या, "मी काही तुमच्या घरी रोज यायची नाही. बघा."

यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. स्टोमा लाल, ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा. मग कार्ड लावून हळूच म्हणाले, "अठ्ठावीस मिलिमीटर."

"भोक तीसचं पाडा. बस."

त्या दिवसानंतर पिशवी एकदाही अवेळी सुटली नाही असं म्हणणार नाही, पण गळती थांबली. पंधरा दिवसांत कातडी भरून आली. मी सिस्टरना स्वेटर विणून दिला. लहान मुलीच्या मापाचा टाकला तरी चालला असता, पण तसं त्यांना बोलले नाही.

सिस्टरनीच आम्हाला गटाकडे पाठवलं. पिशवीवाल्यांचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत जमतो. हे यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही नका येऊ, मी जाते. मलाही कोणाशी तरी बोलायचंय." मग हे आले, आणि दाराजवळच्या खुर्चीत टोपी घालून बसले.

गट चालवतात त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. एकोणीस वर्षं पिशवी आहे त्यांना. सगळे त्यांना बाई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांचं बोलणं चालू असताना त्यांच्या पोटातून आवाज झाला, चांगला लांबलचक. बाई थांबल्या, पोटाकडे बघून म्हणाल्या, "झालं तुझं? आता मी बोलू?" सगळे हसले. हेही हसले. चार महिन्यांत मी यांना हसताना पहिल्यांदा बघत होते, तर माझ्याच डोळ्यांत पाणी.

गटाचा एकच नियम कडक आहे. आपल्याबद्दल वाटेल ते सांगावं, दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढू नये. "दुसऱ्याचा शर्ट आपण वर करायचा नाही," असं बाई म्हणतात. नवरा-बायकोलाही तोच नियम. मला तो फार जड गेला, पण पाळला. तिथे एक बसड्रायव्हर होते, त्यांनी सीटचा पट्टा स्टोम्यावर दाबू नये म्हणून काय केलं ते सांगितलं. एक गृहस्थ जेवणात काय खाल्लं की पोटात गॅस होतो याची यादीच करून आले होते. माझ्यासारख्या चार बायका एका कोपऱ्यात बसायच्या. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "तुम्ही झोपता का नीट?" इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. त्या खोलीचं मी देणं लागते.

सहाव्या बैठकीत संडासाचा विषय निघाला. हॉस्पिटलच्या ओपीडीत तपासणीला यायचं म्हणजे तीन-चार तासांची रांग. मधेच पिशवी रिकामी करायची किंवा बदलायची वेळ आली तर तिथल्या संडासात ना हूक, ना फळी, ना आरसा. बेसिन बाहेर, सगळ्यांच्या समोर. गटाने दोन वर्षांत तीन अर्ज केले होते. एक तरी सोयीचा संडास बांधा. उत्तर ठरलेलं, जागा नाही.

"जागा आहे," दाराजवळून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. हे टोपी काढून उभे होते. "दुसऱ्या मजल्यावर सफाईचं सामान ठेवायची खोली आहे. तिच्या मागच्या भिंतीतून मैलापाण्याची उभी लाइन जाते. बाहेरून दिसते की. तिला जोडलं की झालं."

बाईंनी चष्मा वर केला. "नकाशा काढून द्याल?"

काढून देतो म्हणाले खरे, आणि घरी येऊन तीन दिवस कागदावर रेघा ओढत होते. मला मधे उभं करून विचारायचे, हात इथपर्यंत पुरतो का, वळता येतं का. मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकघराच्या वेळी एवढं विचारलं असतंत तर. पण मनातून मी उडत होते.

अडचण एकच आली. बाई म्हणाल्या, हॉस्पिटलचे अधीक्षक नकाशा बघतील तो परवानाधारक प्लंबरची सही असली तरच. आणि परवाना भाऊजींच्या नावावर.

भाऊजींनी मधल्या काळात बोलणं टाकलं होतं. सहाव्या महिन्यात मला त्यांचा शेवटचा फोन आला होता. "त्याला सांग, वेगळा धंदा करायचा असेल तर तोंडावर सांग. मी आडवा येणार नाही." एवढंच बोलून ठेवला. एरवी ज्यांचा फोन ठेवता ठेवत नाही, त्यांनी दोन वाक्यांत ठेवला. तीन महिने ना फोन, ना येणं. हे जेवताना ताटाकडे बघत बसायचे. सव्वीस वर्षांत दोघं एक आठवडासुद्धा एकमेकांशिवाय राहिले नव्हते. मी म्हणायचे, सांगा हो. हे म्हणायचे, आता तर सांगताच येणार नाही, इतके दिवस लपवलं म्हणेल. मला दिसत होतं की गाठीतून वाचलेला माणूस भावाला गमावून बसणार आहे.

शेवटी संडासाखातर यांनी फोन केला. मी शेजारीच उभी होते. "दादा, हॉस्पिटलात एक काम आहे. तुझी सही लागेल. फुकट आहे."

भाऊजी म्हणाले, "फुकट आहे म्हणून येतो."

आले. तोंड एवढं फुगलेलं. कोणासाठी आहे, का आहे, काही विचारलं नाही. यांच्याशी थेट बोलायचं नाही, सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या नवऱ्याला सांग टेप नीट धरायला." "तुझ्या नवऱ्याला विचार, वास अडवायचा ट्रॅप कुठे घेणार." मी दोन हात लांब उभी राहून निरोप पोहोचवत होते, शाळेतली भांडणं बरी. पण नकाशा बघून भाऊजींनी मान डोलावली आणि सही केली. यांचं काम त्यांना आवडतं, राग असला तरी.

अकराव्या महिन्यात अधीक्षकांनी वेळ दिली. आम्ही पाच जण गेलो. बाई, सिस्टर, हे, मी आणि सही केली म्हणून भाऊजी. अधीक्षकांच्या शेजारी इमारतीचं बघणारे इंजिनिअर बसले होते. त्यांनी नकाशा दोन बोटांनी उचलला. "कोणी काढला?"

"मी," हे म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"प्लंबर."

इंजिनिअर खुर्चीत मागे टेकले. "बघा साहेब, मला वाटलंच होतं. पेशंटच्या आडून ठेकेदार येतात ते असे. अहो, महिन्याला किती लोक येतात असे? आणि हूक काय, फळी काय, आरसा काय. बाकीचे पेशंट नाही जात? हे लाड कशासाठी?"

भाऊजींचे कान लाल झाले. "ओ साहेब, आम्ही फुकट करतोय, तोंड सांभाळून बोला."

"फुकट कोणी करत नाही," इंजिनिअर म्हणाले.

माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं आलं होतं. पण बाईंनी टेबलाखालून माझं मनगट धरलं, असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्यांना यांच्याबद्दल एका शब्दात सांगता आलं असतं, सिस्टरना आलं असतं. पण दुसऱ्याचा शर्ट कोणी वर केला नाही. मी यांच्याकडे बघत होते. हे भाऊजींकडे बघत होते, आणि मला कळलं की आता हे उठून दाराबाहेर जातील आणि पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत.

हे उठले. पण दाराकडे गेले नाहीत.

"साहेब, मी ठेकेदार नाही," हे म्हणाले. "माझ्या पोटाला पिशवी आहे. अकरा महिने झाले." हे थांबले नाहीत. "गेल्या महिन्यात तुमच्या रांगेत साडेतीन तास होतो. पिशवी सुटली. संडासात गेलो. हूक नाही म्हणून शर्ट दातांत धरला. फळी नाही म्हणून नवी पिशवी हनुवटीखाली. पाणी बाहेर, म्हणून बाटली नेली होती, ती सांडली. खालची कड दिसायला आरसा नाही, अंदाजाने चिकटवली ती वाकडी बसली. बसमध्ये पुन्हा सुटली. सीट रिकामी होती, तरी घरापर्यंत उभा राहून गेलो. हे लाड नाहीत साहेब. माणसाला घराबाहेर पडता यावं एवढंच आहे."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन हे नुसते आंघोळीला गेले होते.

अधीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंजिनिअरनी माफी वगैरे काही मागितली नाही, त्यांच्या जातकुळीत ते बसत नसावं. त्यांनी नकाशा जवळ ओढला, पेन्सिल घेतली आणि खाली मान घालून विचारलं, "स्लोप किती दिलाय?" यांनी सांगितला. मग ट्रॅप विचारला. दहा मिनिटांनी अधीक्षक म्हणाले, "ती खोली रिकामी करून घ्या. पंधरा दिवसांत काम सुरू करा." सिस्टरनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आनंदाने.

पण भाऊजी केव्हाच उठून बाहेर गेले होते.

आम्ही जिन्यापाशी आलो तर ते तिथे उभे. आमच्याकडे न बघता मला म्हणाले, "तू तरी सांगायचंस."

"शपथ घातली होती, भाऊजी."

ते वळले आणि जिना चढायला लागले, आम्ही मागोमाग. सफाईच्या खोलीपाशी जाऊन तिथल्या मावशींकडून किल्ली घेतली, दार उघडलं, आत झाडू आणि बादल्या होत्या त्या पायाने बाजूला केल्या. मग यांना म्हणाले, थेट यांना, "इथे ये. बेसिन इथे येणार ना? मग इथे उभा राहा."

हे उभे राहिले.

"शर्ट वर कर."

हे जागचे हलले नाहीत.

"अरे, फळी कितीवर लावू? नकाशात तू नुसती फळी लिहून ठेवलीस, उंची कुठेय? बघितल्याशिवाय मला कसं कळणार?"

यांनी शर्ट वर केला. भाऊजींनी खिशातून चष्मा काढला, गुडघ्यावर हात टेकून तो मोठा देह खाली वाकवला आणि पिशवीकडे नीट बघितलं. जिना चढायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ बघितलं असेल. मग जमिनीपासून टेप लावली.

"एकोणचाळीस इंच," ते म्हणाले. "फळी पस्तीसवर घेऊ." मग खाली वाकलेलेच राहून म्हणाले, "एवढंच? एवढ्यासाठी अकरा महिने मला बाहेर उभं केलंस?"

शर्ट तसाच वर धरून हे हमसून हमसून रडत होते, आणि भाऊजी नाक ओढत भिंतीवर पेन्सिलीने पस्तीसचा आकडा लिहीत होते.